पट्टी चांगल्या पायाला

गजा भोईरला कुठं दुखतंय हे खालापूर तालुक्यात आजवर कुणाला कळलं नाही. लोक हे कौतुकानं सांगतात. विमल ते ऐकते आणि तिच्या अंगाचा तिळपापड होतो. ती गजाची बायको, आणि तिला कळलं होतं.

गजा कबड्डीतला चढाईचा गडी. ऐन उमेदीत कर्जत म्हणा, खोपोली म्हणा, कुठल्याही मैदानात तो मध्यरेषा ओलांडून आत शिरला की समोरच्या संघाची पाचावर धारण बसायची. त्याला घडवला बुधाजी वस्तादांनी. म्हातारा हाताखालच्या पोरांना पहिला धडा दमाचा द्यायचा आणि दुसरा लपवाछपवीचा. "दुखऱ्या पायाला पट्टी बांधायची नाय रं. पट्टी चांगल्या पायाला बांध. समोरची गाढवं पट्टी बघून त्याच पायाला झोंबतात, आन् तो पाय त्यांना फरफटत घेऊन येतो." बाकीची पोरं हसायची. गजानं मात्र ते गाठीला बांधलं. सुजलेला गुडघा उघडा ठेवून धड गुडघ्याला पट्टी बांधून तो खेळला, बोट मोडलेलं असताना टाळ्या पिटत खेळला. मैदानावर हे शहाणपणच होतं, कोण नाही म्हणतंय? पण मैदान कुठं संपतं हे तरी माणसानं ओळखावं की नाही!

पन्नाशी ओलांडलेला गजा खोपोलीच्या बाजूला एका कारखान्यात क्रेन चालवायचा आणि संध्याकाळी गावच्या पोरांना खेळ शिकवायचा. बिडी तेवढी सुटली नव्हती. कारखान्याच्या दरवर्षीच्या तपासणीत छातीचा फोटो काढला, त्यात उजव्या फुप्फुसाच्या शेंड्याला डाग दिसला. मग मोठ्या मशीनचा फोटो, मग सुई घालून काढलेला तुकडा, आणि शेवटी नवी मुंबईच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर मॅडमनी सांगितलं की कॅन्सर आहे. गाठ फार मोठी नाही, बाकी अंगात कुठं पसरलेली दिसत नाही, ऑपरेशन करून काढता येईल. कमलेश, त्यांचा एकुलता एक मुलगा, बाहेर येऊन भिंतीला टेकून रडला. गजा त्याच्यावर खेकसला, "रडतोस काय रं बायल्यासारखा? काढता येईल म्हणाल्या ना?"

काढता येईल. त्या दोन शब्दांवर सगळं घर तगून होतं.

आता खांद्याचं. गणपतीच्या आधीपासून गजाचा उजवा खांदा ठणकत होता. मागच्या बाजूला, आत खोल, आणि तिथून दंडाच्या आतल्या अंगानं पार करंगळीपर्यंत. विमल रोज आंघोळीआधी तेल कोमट करून चोळून द्यायची.

"जुनं दुखणं हाय," गजा म्हणायचा. "पावसाळ्यात उठतं."

"जुना तर डावा होता तुमचा. कर्जतला उखडला तो."

"मग आता उजव्याची पाळी. सगळा तरास डाव्यानंच काढायचा का?"

तो हसायचा, तीही हसायची. पण तो चहाचा कप डाव्या हातानं उचलायला लागला होता. खोल श्वास घेताना मध्येच थांबायचा, ओठ दाबायचा. डाग सापडला त्या दिवशी विमलनं डाग आणि खांदा या दोन गोष्टी मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या.

"अवो, खांद्याचं सांगू या आपण मॅडमना."

गजाचा चेहरा टणक झाला. "आबाजीचं काय झालं ठाऊक नाय तुला?"

आबाजी कळंबचा. गजाच्या विरुद्ध खेळून खेळून त्याचा दोस्त झालेला. त्यालाही हाच रोग झाला. त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ बरगड्यांना चिकटलीय, ऑपरेशन होणार नाही. आबाजी घरी आला आणि शिमग्याच्या आधी गेला. गजा त्याला भेटून आला तो एकच गोष्ट डोक्यात घेऊन, की चिकटली म्हणजे संपलं, मग डॉक्टर हातच लावत नाहीत. आबाजीचा रोग आणखी कुठं कुठं गेला होता, तो किती उशिरा दवाखान्यात पोचला होता, हे कुणी विचारलं नाही. गावात एवढ्या खोलात कोण शिरतं?

"खांद्याचं अवाक्षर काढायचं नाय," गजा म्हणाला. "एकदा का त्यांनी चाकू लावला की चिकटलेली काय आन् सुटी काय, काढतीलच की. पण पयला चाकू तर लावू दे."

आत शिरायचं, पुढचं पुढं बघू. जन्मभर त्यानं तेच केलं होतं.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर सुरभी विमलच्या भाचीच्या वयाच्या. बोलायला साध्या, आणि घाई अजिबात नाही. त्यांनी ऑपरेशनाआधी गजाची आणखी एक तपासणी केली. त्याला मशीनमध्ये झोपवून सावकाश श्वास घ्यायला आणि सोडायला लावलं, आणि त्या श्वासाबरोबर छातीच्या आत काय काय हलतं त्याचं चालतं चित्र काढलं. मग तिघांनाही पडद्यासमोर बसवलं.

"हे तुमचं फुप्फुस," त्या म्हणाल्या.

पडद्यावर गजाचं फुप्फुस वरखाली होत होतं. रक्तवाहिन्या लाल आणि निळ्या, श्वासाच्या नळ्या पांढऱ्या, शेंड्याला पिवळी गाठ. डॉक्टरांनी माऊस फिरवला तसं ते कुशीवर वळलं, मग आतली हवा निघून गेल्यासारखं मऊ पडलं. त्यांनी एक कोपरा बाजूला ओढला, तर त्याच्यामागं रक्तवाहिन्याही ओढल्या गेल्या.

"साध्या फोटोत फुप्फुस फुगलेलं असतं आणि गप्प असतं. ऑपरेशनला तुम्ही कुशीवर असाल, ते मिटलेलं असेल, आणि फोटोत पाहिलेलं सगळं जागेवरून हललेलं असेल. म्हणून मी आधी इथं करून बघते. कुठली रक्तवाहिनी कुठं सरकेल, कुठं कापायचं, किती वाचवता येईल. रंगीत तालीम म्हणा."

"भारीच हाय की," कमलेश म्हणाला. समोरचा संघ अंगाला माती लावून उतरला की गजा जसा बघायचा तसा तो त्या पडद्याकडं बघत होता.

डॉक्टरांनी चित्र बदललं. आता बरगड्यांची आतली बाजू दिसत होती आणि तिच्यावर हिरवा रंग. "श्वासाबरोबर फुप्फुस बरगड्यांच्या आतून सरकतं, ओल्या फरशीवरून हात फिरवावा तसं. जिथं सरकतंय तिथं हिरवं. आता इथं बघा." शेंड्याला, गाठीच्या मागं, एक लाल डाग होता. चित्र पुढं गेलं, मागं आलं, सगळं फुप्फुस हललं, लाल डाग तिथंच. "इथं हलत नाहीये."

"याचे दोन अर्थ होतात," डॉक्टर म्हणाल्या. "एक, गाठ बरगडीला चिकटलीय. दुसरा, काहीच नाही. शेंड्याला फुप्फुस तसंही कमी सरकतं, आणि तुम्ही श्वास जरा राखूनच घेतलाय. हाड तर स्वच्छ दिसतंय. अशा जागी मला चित्रापेक्षा पेशंटच्या बोलण्याचा जास्त उपयोग होतो. खांदा, पाठ, हात, कुठं दुखतं का?"

गजानं लगेच डावा खांदा पुढं केला. "हा दुखतो की मॅडम! कर्जतच्या फायनलला उखडला होता. थंडी पडली की अजून ठणकतो." शर्टाचा गळा ओढून त्यानं वाकडं बसलेलं हाडसुद्धा दाखवलं.

डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि त्या हसल्या. "अहो, हा डावा. गाठ उजवीकडं आहे. उजवा?"

"उजवा? तो तर एकदम वाघ हाय."

पट्टी चांगल्या पायाला. विमलनं ते डोळ्यांदेखत बघितलं आणि ओळखलं. डॉक्टर बिचाऱ्या कुठं कबड्डी खेळल्या होत्या!

मग त्या विमलकडं वळल्या. "ताई, घरी कधी काही म्हणाले? माणसं आमच्यासमोर मर्द असतात आणि घरी जाऊन कण्हतात."

गजा तिच्याकडं बघत नव्हता. त्याची उजवी मूठ मांडीवर मिटलेली होती, आणि करंगळी तेवढी मिटत नव्हती. विमलच्या अगदी ओठांवर आलं होतं. नवऱ्याला मुलादेखत खोटं पाडायचं म्हणजे तिच्या जिवावरचं काम, पण ते निमित्त झालं. खरी भीती आबाजीची होती. चिकटलंय म्हणाल्या आणि घरी धाडलं, तर? तर तिनंच आपल्या तोंडानं नवऱ्याचा जीव घेतला असं होणार.

"नाय," ती म्हणाली. "कधी काय बोलले नाय."

डॉक्टरांचं समाधान झालं नाही. त्यांनी तपासणी पुन्हा करायला लावली. या वेळी श्वास राखायचा नाही, भरपूर घ्यायचा. गजा आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याचं कपाळ घामानं थबथबलं होतं आणि खालच्या ओठावर दातांचे व्रण उठले होते. कमलेश पाणी आणायला गेला तसा तो विमलच्या कानाशी वाकला.

"हूल दिली मशीनला," तो म्हणाला आणि त्यानं डोळा मारला.

देवा रे, काय म्हणावं या माणसाला! विमलला त्याच्या एक थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली आणि त्याच क्षणी त्याला पोटाशी धरून रडावंसं वाटलं. तिनं यांतलं काहीच केलं नाही, पदरानं त्याचा घाम पुसला.

नव्या चित्रात फुप्फुस झकास सरकत होतं. लाल डाग आक्रसला होता, त्याची कड जराशी हलल्यासारखी दिसत होती. डॉक्टर बराच वेळ ते मागं-पुढं करत राहिल्या. "शेंड्याला एवढं कमी चालतं," त्या शेवटी म्हणाल्या. "दुखत नाही म्हणताय, हाडही स्वच्छ आहे. ठीक. दुर्बिणीतून जाऊ. थोडाच भाग काढू, तुमचा दम वाचेल."

गजा आणि कमलेश लिफ्टकडं निघाले. डॉक्टरांनी विमलला दारात थांबवलं.

"ताई, एक सांगू? चिकटलेली असली तरी तुमच्या यजमानांना उपाय आहे. आधी औषधं आणि किरणं देऊन गाठ बारीक करायची, मग वेगळ्या बाजूनं शिरून बरगडीसकट काढायची. लांबचं काम आहे, पण होतं. मला फक्त आधी कळायला हवं."

असं कुणी आबाजीच्या घरी सांगितल्याचं विमलला आठवत नव्हतं. तेवढ्यात लिफ्टपाशी गजा ओरडला, "विमल, चल गं! लिफ्ट थांबलीय."

"त्यांना विचारते," ती डॉक्टरांना म्हणाली आणि धावली.

घरी येऊन तिनं विचारलं, नाही असं नाही. चुलीवर भाकरी टाकता टाकता डॉक्टर जे बोलल्या ते जसंच्या तसं सांगितलं.

"असंच बोलतात," गजा म्हणाला. "आबाजीलाबी आधी औषधंच दिली होती. केस गेले, अन्न गेलं, आन् मग म्हणाले नाय होणार. आपल्याला तारीख मिळालीय. घरात आलेली तारीख तू घालवू नको."

"पण त्या म्हणाल्या, आधी कळायला हवं."

"विमल," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "मला घरी बसून मरायचं नाय गं. तू बघितलास ना आबाजी?"

लग्नानंतर गजा असं कधीच बोलला नव्हता. तिनं विषय सोडला. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर हॉस्पिटलचा नंबर लावला, कुणीतरी "बोला" म्हणालं, आणि तिनं फोन ठेवून दिला. तारखेपर्यंत ती रोज तेल चोळत राहिली. चोळताना दोघंही बोलत नसत.

ऑपरेशनच्या दिवशी कमलेश बाहेरच्या बाकड्यावर शेजारच्या माणसांना पडद्यावरच्या चित्राचं वर्णन करून सांगत होता. बापाची गाठ कशी पिवळी, मॅडमनी ती आधीच कशी कापून बघितली. लोकही तोंडात बोटं घालून ऐकत होते. विमलच्या कानात त्यातलं काही शिरत नव्हतं. ती मनातल्या मनात गावदेवीला म्हणत होती, बाई, सुटी असू दे. नुसती सुटी असू दे.

आतून हाक आली तेव्हा कमलेश उडी मारून उठला. "लवकर झालं आई! म्हंजे चांगलंच झालं असंल."

डॉक्टर सुरभींनी डोक्यावरची टोपी हातात धरली होती. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"गाठ वरच्या बरगड्यांच्या मधे शिरलीय. हाताकडं नसांचा एक जुडगा जातो, त्याला तिनं धरलंय. दुर्बिणीतून ती सोडवायला गेले तर मोठी रक्तवाहिनी फाटली. घाईघाईनं मोठी चीर देऊन रक्त थांबवावं लागलं. ते जिवंत आहेत. पण गाठ तिथंच आहे. मला बंद करावं लागलं."

"पण चित्रात तर..." कमलेश म्हणाला.

"चित्रात त्या एका जागेची शंका होती. मी ती सोडून दिली. ती चूक माझी, मी नाकारत नाही. पण दुखत नाही म्हणालात, म्हणून सोडली."

"मग आता ती औषधं देऊन, नंतर परत...?" विमलनं विचारलं. आपलाच आवाज तिला परका वाटला.

"औषधं देऊ, किरणंही देऊ. पण आता तिथं सगळं फाटून शिवलेलं आहे ताई. परत तिथं शिरता येणार नाही." डॉक्टरांनी दोघांकडं पाहिलं. "मला एकच सांगा. खरंच काही दुखत नव्हतं?"

"नाय मॅडम!" कमलेश तावातावानं म्हणाला. "माझ्या बाबांना कधी..."

"दुखत होतं," विमल म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. खांदा, दंड, न मिटणारी करंगळी, चहाचा कप, तेल, दातांनी चावलेला ओठ. गणपतीच्या आधीपासून, म्हणाली. डॉक्टर मान हलवत ऐकत राहिल्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कमलेश मधेच उठला आणि लांब खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला. आई काय बोलतेय ते त्याला ऐकवत नव्हतं.

गजा शुद्धीवर आल्यावर विमलला एकटीला आत सोडलं. कुशीतून नळी निघाली होती, उजवा हात उशीवर पसरून ठेवला होता. तोंड सुकलं होतं, पण डोळे जागे होते. तिनं बाहेरच ठरवून टाकलं होतं की आता एकही खोटा शब्द बोलायचा नाही.

"काढली?" त्यानं विचारलं.

"नाय. चिकटली होती."

छताकडं बघत तो म्हणाला, "मग? आता घरी?"

"औषधं देणार हायेत. पण काढता नाय येणार आता." मग ती तेही बोलली. "आधी कळलं असतं तर आधी औषधं देऊन काढली असती, म्हणाल्या. मी सांगितलं त्यांना खांद्याचं. आता सांगितलं."

आता हा खवळणार, अशी तिनं मनाची तयारी केली होती. तुला सांगू नको म्हटलं होतं ना, असं काहीतरी. तो खवळला असता तर तीही भांडली असती. महिनोन्‌महिने साचलेलं सगळं त्याच्या तोंडावर फेकलं असतं, मग तो आजारी असो नाहीतर कसाही.

गजानं मान तिच्याकडं वळवली. एवढं करायलाही त्याला किती वेळ लागला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. न कळलेली गोष्ट विचारावी तसं त्यानं विचारलं.

"मी तर येडाच. मी काय सांगणार होतो? पण तुला ठाऊक होतं ना गं. तू तरी बोलायचंस."

तुम्हीच तर नको म्हणालात, हे तिच्या तोंडापर्यंत आलं. ते खरं होतं. पण दारात थांबवून डॉक्टरांनी सांगितलं होतं ते तिला एकटीला, आणि फोन ठेवला होता तोही तिनं एकटीनं.

"चुकलं माझं," विमल म्हणाली.

गजानं डोळे मिटून घेतले. नर्स आत आली आणि म्हणाली, वेळ संपली, आता बाहेर बसा.